तळहातावरचं बेणं

या. बसा.

पहाट आहे. कुपवाड अजून पुरतं जागं झालेलं नाही.

वैशाखातली फरशी आत्ता कुठे गार पडली आहे. ओट्यावर बसा, गच्चीत बसा, खाटेच्या कडेवर बसा. पाठीला बरं वाटेल तसं बसा.

ऐका.

औद्योगिक वसाहतीकडून एकसारखी घरघर येते आहे. रात्रपाळी सुटायची वेळ झाली. कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटतं. रस्त्याने एक सायकल जाते, तिची चेन खडखडते. मग मिरजेच्या बाजूने रेल्वेची शिटी येते, लांबून, पातळ होत.

येणारे आवाज येऊ द्या. जाणारे जाऊ द्या.

आता उजवा हात मांडीवर ठेवा. तळवा वर. बोटं सैल.

त्या तळव्यावर मी एक वस्तू ठेवते.

हळदीचा गड्डा.

*

बघा त्याच्याकडे.

हा बेण्याचा गड्डा आहे. जेठा गड्डा. याला कडेने हळकुंडं फुटतात, म्हणून तो जेठा.

मातकट आहे. अंगावर वळी आहेत, म्हाताऱ्या माणसाच्या मानेवर असतात तशा. एका बाजूला सुकलेल्या मुळ्यांचे केस. दुसऱ्या बाजूला मोडलेली जागा, जिथून हळकुंड काढून घेतलं.

त्या जागी नखाने हलकेच खरवडा. एवढ्याने बेण्याला काही होत नाही.

आतला रंग बघा. विस्तवासारखा.

नाकाशी न्या. ओल्या मातीचा वास, त्याच्या आत थोडा कडवट, थोडा कापरासारखा वास.

एक श्वास घ्या त्या वासाचा.

सोडा.

आता गड्डा फिरवा. कुठेतरी एक लहानसं टोक वर आलेलं दिसेल. गव्हाच्या दाण्याएवढं. फिकट, किंचित हिरवट.

शेतकरी त्याला डोळा म्हणतात.

गड्डा तुमच्याकडे बघतो आहे. तुम्ही गड्ड्याकडे बघताय.

थोडा वेळ असंच राहा.

*

अक्षय तृतीया आली की आमच्या घरी बेणं निवडायचं काम निघायचं.

मी ते दृश्य आत्ता बघते आहे. तुम्हीही बघा.

पडवीत गड्ड्यांचा ढीग आहे. आजी एक पाय दुमडून बसली आहे. ती एकेक गड्डा उचलते, अंगठ्याने दाबते, डोळा बघते. टणक असेल तो उजवीकडे. मऊ लागेल तो डावीकडे.

ती बोलत नाही. अंगठा बोलतो.

उचल. दाब. बघ. ठेव.

तुमच्या श्वासालाही तीच चाल लागू द्या. आत. थांब. बाहेर. थांब.

मी दहा वर्षांची आहे. तिच्या शेजारी बसून तेच करते आहे. माझा अंगठा लहान आहे.

दुपार होते. मला कंटाळा येतो. बाहेर पोरं खेळतात, त्यांचा आवाज येतो. मी दाबायचं सोडते. बघायचं सोडते. हाताला येईल तो गड्डा उजवीकडे टाकत जाते.

एक मऊ लागतो. लागल्याचं मला कळतं.

तोही मी उजवीकडे टाकते.

इथे थांबू या.

त्या एका क्षणापाशी. हात उजवीकडे जातो आहे, अजून गड्डा सुटलेला नाही. बोटांना मऊपणा कळला आहे. मनाला बाहेरच्या पोरांचा आवाज ऐकू येतो आहे.

कोणी ढकललेलं नाही मला. कोणी अडवलेलंही नाही.

असा एखादा क्षण तुमच्याकडेही असेल. कालचा. परवाचा. खूप जुना. त्याला बोलवा. त्याला रागावू नका. गड्ड्याशेजारी बसू द्या.

श्वास घ्या.

सोडा.

*

आता मनाने थोडं लांब जाऊ या. फार लांब नाही.

सांगली ओलांडून हरिपूर. कृष्णेला वारणा येऊन मिळते ते गाव. संगमेश्वराचं देऊळ, चिंचेची झाडं, आणि जमिनीखाली पेवं.

एका पेवाच्या तोंडाशी उभे राहा.

तोंड अरुंद आहे. आत मोठा पोकळ अंधार आहे, रांजणासारखा. त्यात हळद भरतात, वरून माती लोटून तोंड बंद करतात. मग वरून माणसं चालतात, गुरं चालतात, पाऊस पडतो. खाली वर्षानुवर्षं हळद असते.

वरून काही दिसत नाही.

आपले जुने लोक एक शब्द सांगतात, संचित. आजवर केलेल्या सगळ्याचा साठा. या जन्मातला, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मागच्या कित्येक जन्मांतला.

तो शब्द ऐकला की मी हरिपुरात येऊन उभी राहते. या अरुंद तोंडाशी.

पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नाही. आत हवा कोंडलेली असते, जिवावर बेतू शकतं. तोंड उघडं ठेवतात. वाट बघतात.

तुम्हीही उतरू नका.

काय काय भरलं आहे, केव्हा भरलं, कोणी भरलं, ते आत्ता मोजायचं नाही. कधी कधी मनात एखाद्या गोष्टीचं पेव फुटतं. रागाचं, भीतीचं, जुन्या अपमानाचं. तेव्हा कळतं, की खाली काहीतरी होतं. एवढं कळणं आत्ता पुरे.

काठावर उभे राहा.

आतून येणारी गार हवा चेहऱ्याला लागू द्या.

माझ्या पायाखाली खूप काही आहे. एवढंच म्हणा.

आणि श्वास सोडा.

*

आता शेतात या.

काळी माती. नुकतेच सोडलेले वाफे. लागण होऊन गेली आहे. गड्डे मातीत गेले आहेत, डोळे वर करून.

वाफ्याच्या कडेला उकिडवे बसा.

जे मातीत गेलं, ते आता हळदच होणार. आलं होणार नाही. ऊस होणार नाही. हाताने पुसून ते परत बेणं होणार नाही.

याला प्रारब्ध म्हणतात. साठ्यातलं जे लावलं गेलं, उगवायला लागलं, ते.

घर तुम्ही निवडलं नाहीत. हाडांची ठेवण, आवाजाची जात, आईचं दुखणं, वडिलांचा राग, हे सगळं तुम्ही आलात तेव्हा उगवलेलंच होतं. काल तोंडातून गेलेला शब्दही आता मातीत आहे. तो समोरच्याच्या मनात आहे, आणि तिथे तो उगवेल तसा उगवेल.

माती सपाट दिसते.

त्या सपाट मातीकडे बघत राहा. घाई नको. हळदीला मातीत आठ-नऊ महिने लागतात. वैशाखात लावलेली हळद निघते, तेव्हा संक्रांत होऊन गेलेली असते.

आद्य शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात पावसाचा दाखला दिला आहे. पाऊस भातावरही पडतो आणि जवावरही पडतो, सारखाच. भाताचं भात होतं, जवाचा जव होतो. ईश्वर त्या पावसासारखा.

तो पाऊस अजून आलेला नाही. आभाळ कोरडं आहे.

वाफ्यावर हात ठेवा. वरची माती ऊन आहे. बोट थोडं आत घाला. तिथे ओल आहे.

ओलीत राहू द्या बोट.

श्वास आत.

श्वास बाहेर.

*

आता तळहाताकडे परत या.

गड्डा तिथेच आहे.

पेवात काय आहे, दिसत नाही. मातीत गेलं, ते परत येत नाही. पण हा एक अजून हातात आहे.

याला क्रियमाण म्हणतात. आत्ता घडत असलेलं.

किती लहान आहे बघा. पेवापुढे तर काहीच नाही. सगळ्या वाफ्यांपुढे मूठभरही नाही.

तरी त्याला वजन आहे. जाणवतं का? तळहात किंचित खाली गेला आहे. त्या वजनापाशी राहा.

तो दाबून बघायचा की नाही. उजवीकडे ठेवायचा की डावीकडे.

एवढंच मोकळं आहे.

एक माणूस आठवतो. १९०८ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्याला ब्रह्मदेशात, मंडालेच्या तुरुंगात ठेवलं. लोकमान्य टिळक. १९१०-११ च्या हिवाळ्यात तिथे ते ‘गीतारहस्य’ लिहीत आहेत. हातात शिसपेन्सिल आहे. बाहेर पहारा आहे.

त्या ग्रंथात एक पूर्ण प्रकरण आहे, कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य. कर्माचं पिकणं, आणि आत्म्याचं मोकळं असणं.

तो हात बघा. दाराला कुलूप आहे. कुठे जायचं, काय खायचं, कोणाला भेटायचं, यातलं काही त्या हातात नाही.

पेन्सिल आहे.

ती कागदावर फिरते आहे. बारीक आवाज येतो आहे.

ऐका तो आवाज.

*

आता गड्डा डाव्या हातात घ्या. उजवा हात मोकळा करा.

आपण बोटं मोजू या. घरात मोजतो तशी, अंगठ्याने, करंगळीपासून.

गीतेच्या अठराव्या अध्यायात श्रीकृष्ण सांगतात, की कोणतंही काम घडतं ते पाच गोष्टींनी.

अंगठा करंगळीवर ठेवा. पहिली गोष्ट, अधिष्ठान. जागा. ज्यावर उभं राहून काम होतं ते. हे शरीर. ही काळी माती.

अंगठा अनामिकेवर आणा. दुसरी, कर्ता. करणारा.

मधल्या बोटावर. तिसरी, करण. साधनं. खुरपं, हात, डोळे, कान.

तर्जनीवर. चौथी, चेष्टा. नाना तऱ्हेची धडपड. वाकणं, उचलणं, पाणी देणं, रात्री उठून मोटार चालू करणं.

आता उरला तो अंगठाच. पाचवं, दैव.

परत एकदा मोजा. सावकाश.

जागा. करणारा. साधनं. धडपड. दैव.

करणारा पाचांतला एक आहे. तो अनामिकेवर येतो. या बोटाला स्वतःचं नावसुद्धा नाही. आणि याच बोटाने आपण देवाला गंध लावतो.

अनामिकेला अंगठ्याने हलकेच दाबा.

जे घडलं ते सगळं मीच केलं, असं वाटून कित्येक रात्री झोप लागत नाही. त्या रात्री हे बोट धरा. पाचांतला एक.

यात माझं काहीच नाही, असं म्हणून आपण कूस बदलतो. त्याही रात्री हेच बोट धरा. पाचांतला एक.

आणि अंगठ्याकडे बघा. तो मघापासून प्रत्येक बोटाला शिवत होता. दैव असंच आहे. जागेला शिवतं, करणाऱ्याला शिवतं, साधनांना, धडपडीला. पण एकट्या अंगठ्याने काही उचलता येत नाही.

हात सैल सोडा.

श्वास घ्या.

श्रीकृष्ण सगळं सांगून होतं तेव्हा, गीता संपत आली असताना, अर्जुनाला म्हणतात, की यावर पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर.

एवढं सगळं कळलेला सारथी, आणि तो घोड्यांचे लगाम धरून गप्प बसला आहे.

त्या गप्प बसण्यात थोडा वेळ बसू या.

*

आता एक जुनी सवय बघू या.

काही बिनसलं की हात कपाळाकडे जातो. ‘कर्म माझं!’ असं म्हणत तळवा कपाळावर बसतो. आईला करताना बघितलं आहे. मावशीला, शेजारच्या काकूंना. मीही करते.

आत्ता करून बघा. हळूच.

तळवा कपाळावर. डोळे मिटतात. समोरचं काही दिसत नाही.

तिथे एक श्वास घ्या.

आता तो हात खाली आणा. परत मांडीवर. तळवा वर.

बघा, जग परत दिसायला लागलं.

हात कपाळावर असताना त्यात काही धरता येत नाही.

आणि कधी हा हात दुसऱ्याच्या कपाळाकडे जातो. ‘त्याचं कर्म,’ आपण म्हणतो. ‘तिचं प्रारब्ध.’ म्हणतो आणि पुढे निघून जातो.

२००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी गेलं. किती वर्षांची हळद भिजली. पुन्हा २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीच्या घराघरांत शिरली.

ते गढूळ पाणी बघा. पायरीवर चढतं. उंबऱ्यावर येतं. उंबरा ओलांडतं.

पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो. घरं मात्र सारख्या उंचीवर नसतात.

त्या पाण्याकडे बघून कर्म हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

तुमच्या मनात येईल तो शब्द बघा. त्याला थांबवू नका, ढकलू नका. फक्त बघा, की तो उच्चारताना हात कुठे जातो.

*

अजून एका ठिकाणी तुम्हाला न्यायचं आहे. तिथे बसायला जड जाईल. माझा हात धरा.

मंगळवेढं. साल १३३८.

गावकुसाची भिंत बांधली जाते आहे. संत चोखोबा दगड उचलत आहेत. ज्या कुसाच्या आत राहायची त्यांना मुभा नाही, तेच कूस.

भिंत कोसळते.

धूळ.

धूळ खाली बसेपर्यंत थांबा.

परंपरा सांगते, की संत नामदेव आले, त्या ढिगाऱ्यात हाडं शोधत बसले, आणि ती पंढरपूरला नेली. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे.

शतकानुशतकं अशा माणसांना सांगितलं गेलं, की हे तुझं मागचं कर्म. चोखोबांनीही ते ऐकलं होतं. ऐकून ऐकून त्यांच्या स्वतःच्या अभंगांत ते उतरलं.

त्यांच्या मुलाचं नाव कर्ममेळा. त्याने मात्र देवालाच जाब विचारला, आमचं जिणं असं का केलंस म्हणून.

तो प्रश्न आत्ता इथे आहे. आपल्या मध्ये, फरशीवर.

उत्तर देऊ नका.

प्रश्नाला बसू द्या.

भिंत कोणी बांधायला लावली. ती कोणासाठी होती. दगड कोणाच्या हातात होते. हे हात होते. माणसांचे. माझ्या हातासारखेच पाच बोटांचे.

कर्म हा शब्द मी आता फार जपून वापरते. तो फक्त माझ्या तळहातावर ठेवते. दुसऱ्याच्या कपाळावर लिहीत नाही.

श्वास आत.

श्वास बाहेर.

*

आता एक हात तुमच्याकडे येतो आहे. तो घ्या.

बृहदारण्यक उपनिषदात एक सभा आहे. जनकाची सभा. विद्वानांची गर्दी आहे. आर्तभाग नावाचा एक जण याज्ञवल्क्यांना विचारतो, माणूस मरतो, त्याची वाणी अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात जातो, डोळा सूर्याकडे जातो. मग तो माणूस कुठे असतो?

सभा कान टवकारते.

याज्ञवल्क्य सभेला उत्तर देत नाहीत. ते आर्तभागाला म्हणतात, बाळा, हात दे. हे आपण दोघंच जाणू. हे या गर्दीत बोलायचं नाही.

दोघं उठून बाहेर जातात.

बघा त्यांना जाताना. एक वयस्कर हात, एक तरुण हात. मागे सभेची कुजबुज. पुढे मोकळी जागा.

उपनिषद सांगतं, की ते जे बोलले ते कर्माविषयी. चांगल्या कर्माने माणूस चांगला होतो, वाईटाने वाईट. एवढंच.

एवढंसं बोलायला ते बाहेर का गेले असतील?

मला वाटतं, हे चारचौघांत बोललं की त्याचा दगड होतो. कोणाला तरी लागतो. दोघांत बोललं, हात धरून बोललं, की ते हातात ठेवता येतं.

तुमचा हात आता कोणाच्या तरी हातात आहे असं समजा. ज्या हाताने तुम्हाला पहिल्यांदा खरं-खोटं शिकवलं, तो.

त्याची ऊब आठवा. त्याचा खरखरीतपणा.

तिथे राहा.

माझ्या हातात आजीचा हात आहे.

*

ज्येष्ठात आजी मला शेतावर नेते.

हळदीचे कोंब वर आले आहेत. पोपटी, गुंडाळलेले, भाल्यांसारखे. ओळीने. एक, एक, एक.

आणि मध्ये रिकामी जागा.

नांगा पडला आहे. पुढे गेलं की अजून एक. दुसऱ्या वाफ्यात अजून दोन.

माझ्या पोटात खड्डा पडतो. तो मऊ गड्डा मला आठवतो. अंगठ्याला लागलेला मऊपणा परत जाणवतो.

आत्ता, लिहितानाही, जाणवतो.

आजी माझ्याकडे बघत नाही. वाफ्याकडे बघते. मी हळूच विचारते, आजी, हे का उगवलं नाही?

ती म्हणते, “किड्यानं खाल्लं आसंल. पाणी साठलं आसंल. बेणं कच्चं आसंल. जमिनीला ठाव. आण ती पाटी, नांग्या भरून घिऊ.”

पाटीत राखून ठेवलेलं बेणं आहे.

मी वाकते. पहिल्या नांग्यात बोटांनी माती उकरते. गड्डा ठेवते, डोळा वर. माती लोटते. तळव्याने दाबते.

मग दुसऱ्यात.

मग तिसऱ्यात.

मग चौथ्यात.

यातला कोणता नांगा माझा, ते मला कळलं नाही. आजही सांगता येत नाही. मी चारही भरले.

इथे थांबू या. बराच वेळ.

चार रिकाम्या जागा. एक लहान हात.

पेवाचा तळ दिसत नाही. कोणतं दुःख कोणत्या कर्माचं, हा हिशेब मला कधी लागला नाही. पूर कोणाचा, भिंत कोणाची, मऊ गड्डा कोणाचा, सगळं मातीत एकमेकांत गेलं आहे. पण नांगा दिसतो. तो डोळ्यांना दिसतो. आणि पाटीत बेणं आहे.

मागून लावलेला कोंब थोडा मागेच राहतो. बाकीच्यांच्या उंचीला तो पोहोचतोच असं नाही. हेही बघा. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ते झाकूही नका.

तो हिरवा आहे.

आता मघाशी बोलावलेला तुमचा क्षण आठवा. गड्ड्याशेजारी बसवलेला. त्याने कुठे रिकामी जागा पडली असेल, तिकडे बघा. कोणाच्या घरात, कोणाच्या मनात.

आणि तिच्या आजूबाजूच्या रिकाम्या जागाही बघा. तुमच्या नसतील अशा.

फक्त बघा. भरायचं नंतर.

श्वास आत.

श्वास बाहेर.

*

आभाळ उजळतं आहे.

एक शेवटचं दृश्य.

हळद काढली आहे. शेताच्या कडेला चूल पेटली आहे, काहील चढली आहे. ओली हळद तिच्यात शिजते. पांढरी वाफ उठते, तिला मातीचा वास, गोडसर, उग्र.

त्या वाफेत चेहरा धरा.

शिजलेली हळद मग उन्हात वाळते. खडखडीत होते. पॉलिशच्या पिंपात फिरून पिवळीजर्द निघते. जेवणात जाते, जखमेवर जाते, नवरीच्या अंगाला लागते, देवापुढे ठेवली जाते.

पण ती पुन्हा उगवत नाही. शिजली, की तिचा डोळा मिटतो.

योगाच्या ग्रंथांत भाजलेल्या बीजाची गोष्ट येते. बी असतं, पण त्याला कोंब येत नाही. माझ्यासाठी ते बी म्हणजे हे हळकुंड.

एखादं काम असंही होतं. कोणी बघत नसताना केलेलं. परत काही यावं म्हणून न केलेलं. ते उपयोगी पडतं, रंग देतं, आणि तिथेच निवतं. मागे मी म्हणून काही उगवत नाही.

असं एखादं काम तुमच्या हातून झालं असेल. ते आठवत नसेल, तर बहुतेक झालं असेल.

वाफ बघा. वर जाते आहे. दिसेनाशी होते आहे.

दिसेनाशी झाली.

*

आता तळहाताकडे या. शेवटचं.

गड्डा खाली ठेवा. हळूच. डोळा वर करून.

हात रिकामा झाला.

बघा त्याच्याकडे.

तळहातावरच्या रेषांत पिवळं उतरलं आहे. आयुष्याची रेषा म्हणतात ती, नशिबाची म्हणतात ती, सगळ्या पिवळ्या झाल्या आहेत. आता त्या वाचता येत नाहीत.

धुतलं तरी हे लगेच जात नाही. एक-दोन दिवस राहतं.

बाहेर रात्रपाळी सुटली आहे. माणसं डबे हलवत घराकडे चालली आहेत. कोणाच्या तरी दाराची कडी वाजते. कोणीतरी स्टोव्ह पेटवतं.

तुम्हीही आता उठाल. कडी काढाल. चहाचा कप धराल. कोणाच्या तरी पाठीवर हात ठेवाल, किंवा ठेवणार नाही.

ज्याला पहिल्यांदा शिवाल, त्याला थोडा रंग लागेल.

आत्ताच उठू नका.

अजून एक श्वास.

हात मोकळा आहे.